आंबट पानांचे रहस्य उलगडणारे शेले

पालक, चुका, अळू जपून खा, असे मूतखड्याच्या रुग्णांना नेहमी सांगितले जाते. या सल्ल्याच्या मुळाशी असलेल्या ऑक्झॅलिक आम्लाची ओळख जगाला पटविण्यात मोठा वाटा होता तो अठराव्या शतकातील एका औषधविक्रेत्याचा. कार्ल विल्हेल्म शेले हे त्यांचे नाव.

शेले यांचा जन्म ९ डिसेंबर १७४२ रोजी श्ट्रालझुंड येथे झाला. आज जर्मनीत असलेले हे बंदर तेव्हा स्वीडनच्या अमलाखाली होते. विद्यापीठाचे शिक्षण त्यांना लाभले नाही. वयाच्या चौदाव्या वर्षी ते गोथेनबर्गच्या एका औषधालयात उमेदवारी करू लागले. दिवसाचे काम आटोपले की रात्री ते प्रयोगांत गढून जात. माल्मो, स्टॉकहोम, उप्साला येथे नोकऱ्या करून १७७५ मध्ये ते क्योपिंग या लहानशा गावी स्थिरावले. ऑक्सिजन त्यांनी प्रीस्टली यांच्याही आधी मिळविला होता. मात्र त्यांचा ग्रंथ १७७७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि श्रेय दुसरीकडे गेले.

साखरेवर नायट्रिक आम्लाची क्रिया करून त्यांनी एक स्फटिकरूप आम्ल मिळविले. त्यास साखरेचे आम्ल म्हटले गेले. आपल्याकडील आंबुशीच्या कुळातल्या एका युरोपीय वनस्पतीपासून त्या काळी एक आंबट क्षार काढीत. त्यातील आम्ल आणि साखरेचे आम्ल एकच आहे, हे शेले यांनी १७८४ मध्ये दाखवून दिले. तेच आज ऑक्झॅलिक आम्ल म्हणून ओळखले जाते. रेवाचिनीच्या मुळात हे आम्ल चुन्याशी, म्हणजेच कॅल्शियमशी, बांधलेले असते, हेही त्यांनी शोधले.

तत्पूर्वी १७७६ मध्ये त्यांनी मूत्राशयातील खड्यांचे पृथक्करण करून युरिक आम्ल शोधले होते. मात्र काही खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, हे इंग्लंडच्या वोलॅस्टन यांनी १७९७ मध्ये सिद्ध केले. ते पाहण्यास शेले उरले नव्हते.

मूतखड्यांत आज सर्वाधिक आढळतात ते कॅल्शियम ऑक्झलेटचेच. त्यावरील आहाराचे उपायही याच रसायनावर आधारलेले आहेत. विरघळणारे ऑक्झलेट पाण्यात उतरते. म्हणून पालेभाजी उकळून ते पाणी फेकून द्यावे. जेवणात दही-दूध असल्यास त्यातील कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधते आणि ते मलावाटे बाहेर पडते. म्हणूनच खड्याच्या भीतीने दूध-दही वर्ज्य करणे उलट अपायकारक ठरू शकते. भरपूर पाणी पिणे तर आवश्यकच. लिंबातील सायट्रिक आम्लापासून मिळणारे सायट्रेट मूत्रात खडे धरू देण्यास अडथळा करते. हे आम्लही लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात प्रथम वेगळे केले ते शेले यांनीच, त्याच १७८४ मध्ये.

रसायनांची चव घेऊन पाहण्याची त्यांची सवय होती. पारा, आर्सेनिक यांसारख्या विषारी द्रव्यांच्या सततच्या संपर्काने त्यांची प्रकृती ढासळली असावी, असे मानले जाते. १७८५ मध्ये त्यांना मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासले. औषधालयाचा वारसा मिळावा म्हणून त्यांनी मृत्युशय्येवर पूर्वीच्या मालकाच्या विधवेशी विवाह केला. २१ मे १७८६ रोजी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी त्यांची प्राणज्योत मालवली. मूत्रपिंडाच्या ज्या विकाराने त्यांना गाठले, त्याच अवयवाच्या रुग्णांना त्यांचे संशोधन आजही उपयोगी पडत आहे.