बुद्धिमापनाचे जनक आल्फ्रेड बिने

विद्यार्थ्यांची परीक्षा प्रत्येक शाळेंत होते. परंतु त्या परीक्षेचीच परीक्षा कोणीं घ्यावयाची, हा प्रश्न फार थोड्यांस सुचतो. तो ज्यांस सुचला, त्या आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञांचें चरित्र आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल.

बिने यांचा जन्म इ. स. १८५७ मध्यें फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरीं झाला. वडील वैद्य होते व आई चित्रकार. आईबापांची ताटातूट झाल्यावर आईनेंच त्यांस शिक्षणासाठीं पॅरिस येथें नेलें. १८७८ मध्यें ते कायद्याची परीक्षा उतरले. परंतु त्या धंद्यांत त्यांचें मन रमलें नाहीं. राष्ट्रीय ग्रंथालयांत बसून त्यांनीं मानसशास्त्राचें अध्ययन केलें.

पुढें साल्पेत्रिएर रुग्णालयांत शार्को या विख्यात वैद्यांच्या हाताखालीं ते संमोहनाचे प्रयोग करूं लागले. लोहचुंबक फिरवितांच रोग्याच्या एका अंगाचीं लक्षणें दुसऱ्या अंगास जातात, असें त्यांनीं प्रसिद्ध केलें. परंतु बेल्जियमचे विद्वान देल्बफ यांनीं दाखवून दिलें कीं, रोगी चुंबकास नव्हे, तर प्रयोगकर्त्याच्या अपेक्षेस अनुसरून वागत होते. बिने यांनीं आपली चूक उघडपणें कबूल केली. परीक्षकाच्या मनांतील कल्पना उत्तरांत शिरूं नये, हा धडा ते जन्मभर विसरले नाहींत.

मादलेन व आलिस या आपल्या दोन मुलींस घरीं लहान लहान कोडीं घालून त्यांनीं पाहिलें कीं, एकाच घरांत वाढलेल्या बहिणींचीही विचार करण्याची रीत अगदीं भिन्न असते. १८९१ पासून ते सॉर्बोन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागले. तेथें असतां त्यांनीं शाळांतील मुलांचीं डोकींही मोजलीं. परंतु हुशार व मंद मुलांच्या मापांत अंतर इतकें क्षुल्लक निघालें कीं, तो मार्ग त्यांनीं सोडून दिला.

सन १९०४ मध्यें फ्रेंच सरकारनें एक मंडळ नेमिलें. सक्तीच्या शिक्षणामुळें सर्व प्रकारचीं मुलें शाळेंत येत होतीं. त्यांपैकीं ज्यांस निराळ्या शिकवणुकीची गरज आहे तीं कशीं ओळखावीं, हा त्या मंडळापुढील प्रश्न होता. केवळ शिक्षकाच्या मतावर विसंबावें, तर खोडकर मुलावरही मंदपणाचा शिक्का बसण्याचें भय. म्हणून बिने यांनीं डॉक्टर सिमों यांच्या साहाय्यानें १९०५ मध्यें सोप्यापासून कठिणापर्यंत तीस प्रश्नांची माळ तयार केली. ऐकलेले आंकडे पुन्हां म्हणणें, दोन वजनांतील जड कोणतें तें ओळखणें, शब्दाचा अर्थ सांगणें, अशा प्रकारचे ते प्रश्न होते.

कोणता प्रश्न कोणत्या वयाचा, हें त्यांनीं आपल्या मनानें ठरविलें नाहीं. प्रत्येक प्रश्न निरनिराळ्या वयांच्या मुलांस विचारला; ज्या वयाच्या सुमारें दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश मुलांस तो सुटला, त्या वयाखालीं तो घातला. ही वयवार माळ १९०८ मध्यें प्रसिद्ध झाली. १९११ च्या सुधारणेंत बहुतेक प्रत्येक वयास पांच प्रश्न ठेवून प्रत्येक जादा प्रश्नास वर्षाचा पांचवा हिस्सा धरिला. म्हणजे आठ वर्षांपर्यंतचे सर्व प्रश्न सोडवून वरच्या वयाचे आणखी तीन सोडविणाऱ्या मुलाचें मानसिक वय आठ पूर्णांक तीन पंचमांश वर्षें होय.

परंतु माप तयार झालें म्हणजे तें खरें ठरलें असें नव्हे. वयाबरोबर गुण वाढतात कीं नाहीं, वर्गांत मागें पडलेलीं मुलें या मापांतही निराळीं दिसतात कीं नाहीं, हें बिने ताडून पाहत. ब्रसेल्सच्या एका शाळेंतील सुखवस्तू मुलें पॅरिसच्या साध्या वस्तीतील मुलांच्या पुढें असल्याचें आढळलें, तेव्हां घरच्या स्थितीचाही गुणांवर परिणाम होतो, हें त्यांनीं ओळखिलें. बुद्धि ही जन्मतः ठरलेली व न वाढणारी वस्तु आहे, हें मत त्यांनीं १९०९ च्या आपल्या ग्रंथांत खोडून काढिलें. योग्य अभ्यासानें लक्ष, स्मृति व विवेक हीं वाढतात, अशी त्यांची श्रद्धा होती. १९११ च्या ऑक्टोबरांत, वयाच्या अवघ्या चौपन्नाव्या वर्षीं, ते निवर्तले. त्यांच्या पश्चात् अमेरिकेंत त्याच मापाचा आंकडा अचल मानून कित्येकांवर अन्याय झाला, ही खेदाची गोष्ट होय.

फ्रेंच प्रश्नांचें केवळ भाषांतर आपल्या मुलांस चालणार नव्हतें. पॅरिसचीं नाणीं इकडील मुलास काय ठाऊक? तेथें सोपा असलेला प्रश्न येथें कठीणही ठरूं शकतो. म्हणून सर्व मोजणी नव्यानें करावी लागते. तें कष्टाचें काम धारवाडास डॉक्टर व्ही. व्ही. कामत यांनीं केलें. कानडी व मराठी बोलणाऱ्या हजाराहून अधिक मुलांस तपासून त्यांनीं १९३४ मध्यें आपली सुधारित माळ प्रसिद्ध केली, व १९४० मध्यें त्यावर ग्रंथ लिहिला.

आपल्या बीड जिल्ह्यांतून दरवर्षीं हजारों कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात, व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांचीं मुलें कित्येकदां त्यांच्याबरोबर कोपीवर राहतात व शाळेस अंतरतात. असा मुलगा परीक्षेंत मागें पडला, तर उणें त्याच्या बुद्धींत आहे कीं त्यास न मिळालेल्या शिक्षणांत, हें विचारल्याखेरीज त्यास मंद म्हणूं नये. मागें पडलेल्यास मदत कोठें हवी हें कळावें, एवढ्यासाठींच बिने यांनीं तें माप निर्मिलें. गुणपत्रक हातीं घेतांना विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं याचें स्मरण ठेवावें.