परमपूज्य बाबासाहेबांचा मोकळा वेळ

१९४१ साली ज्यांची पायधूळ आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळ्यास लागली, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. वय अवघे बावीस. आरंभीचे काही दिवस त्यांनीही मौजेत घालविले. चरित्रकारांनी हे लपविले नाही, हे माकणीहून परगावी शिकावयास जाणाऱ्या आपल्या मुलांच्या दृष्टीने बरेच झाले. पुढे मात्र सवड मिळाली की त्यांची पावले नाटकगृहाकडे न वळता जुन्या पुस्तकांच्या दुकानांकडे वळत. शिष्यवृत्तीतूनच घरी पैसे धाडावयाचे, म्हणून पोटास चिमटा घ्यावयाचा आणि वाचलेल्या पैशांत एखादा ग्रंथ काखोटीस मारून परतावयाचे. अशा भटकंतीतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमल्याचे सांगतात. ते एका स्नेह्याच्या हवाली केले. स्वदेशी पोहोचले त्यांतील थोडेच. १९१७ साली लंडनहून परतताना निराळ्या बोटीने पाठविलेले सामानही महायुद्धात बोटीसह समुद्रतळी गेले. परंतु ग्रंथखरेदी थांबली नाही. पुढे दादरला राजगृह बांधविले, तेही मुख्यत्वे पुस्तकांना जागा पुरेना म्हणून.