मिखाएल स्टीफेल : अक्षरांची बेरीज करणारा पाळक

प्रकटीकरणाच्या तेराव्या अध्यायाच्या अखेरीस 666 ही संख्या आली आहे. खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत उपदेशकास जे प्रश्न फिरून फिरून विचारले जातात, त्यांत या संख्येचा प्रश्न असतोच. या संख्येच्या नादाने ज्याची पाळकी गेली, अब्रू गेली व ज्याच्यापायी गरीब शेतकरी नागवले, अशा एका विद्वान पाळकाचे चरित्र येथे देत आहो. तो ढोंगी नव्हता. मूर्ख तर नव्हताच. त्या काळच्या जर्मनीत त्याच्या तोडीचे गणिती थोडेच होते.

मिखाएल स्टीफेल याचा जन्म सुमारे 1487 साली दक्षिण जर्मनीतील एस्लिंगेन नगरात झाला. तेथील ऑगस्टिनी मठात तो दाखल झाला व 1511 साली त्यास याजकपदाची दीक्षा मिळाली. मार्टिन ल्यूथर हाही त्याच पंथाचा मठवासी. गोरगरिबांच्या पापक्षमेपायी पैसा घेणे स्टीफेलच्या मनास टोचू लागले होते. अशा वेळी ल्यूथरचे लेख त्याच्या हाती पडले आणि तो त्या मताचा झाला. 1522 साली त्याने ल्यूथरची थोरवी गाणारे एक काव्य छापविले. प्रकटीकरणाच्या चौदाव्या अध्यायात सार्वकालिक शुभवर्तमान घेऊन उडणारा जो देवदूत आहे, तो ल्यूथरच होय, असे त्यात त्याने ठरवून टाकले. शास्त्रातील दृष्टान्तावर आपल्या काळच्या माणसाचे नाव चिकटविण्याची ही खोड त्यास पहिल्यापासूनच होती.

मठ सोडून तो पळाला आणि अखेर विटेनबर्ग येथे ल्यूथरच्या आश्रयास जाऊन राहिला. पुढे काही काळ मान्सफेल्ड येथे व त्यानंतर ऑस्ट्रियात तोलेत येथील जॉर्गर घराण्याच्या गढीत त्याने वचनाची सेवा केली. 1527 साली लेओनहार्ड कैसर नावाच्या सेवकास सुवार्तेसाठी जिवंत जाळण्यात आले, तेव्हा त्या मुलखात राहण्याची सोय उरली नाही. 1528 साली ल्यूथरने त्यास लोखाऊ या गावची पाळकी मिळवून दिली. तेथील आधीचा पाळक मरण पावला होता. त्याच्या विधवेशी स्टीफेलने विवाह केला व लग्न ल्यूथरनेच लाविले. घर, संसार, मंडळी, थोर मित्राचा शेजार, असे सर्व काही त्यास लाभले होते.

परंतु मठात असतानाच लागलेला एक छंद सुटला नव्हता. लॅटिन भाषेत काही अक्षरे आकड्यांचेही काम करितात. आय म्हणजे 1, व्ही म्हणजे 5, एक्स म्हणजे 10, एल म्हणजे 50, सी म्हणजे 100, डी म्हणजे 500, एम म्हणजे 1000. दहाव्या लिओ पोपाचे नाव लॅटिनमध्ये लिओ देकिमुस. त्यातील अंकाक्षरे मिळविली तर 1656 होतात. स्टीफेलला हवे होते 666. तेव्हा एम हे अक्षर आकडा नसून गूढ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचे आद्याक्षर आहे असे म्हणून त्याने 1000 गाळले, उरले 656. पोप दहावा, म्हणून त्यांत 10 घातले. झाले 666! सावकाराच्या वहीत जो कारकून मनास येईल तेथे हजार गाळील व मनास येईल तेथे दहा घालील, त्यास सावकार एक दिवस तरी ठेवील काय? शिवाय हे हत्यार दुधारी होते. पुढे बुंगुस नावाच्या इटालियन लेखकाने अशीच ओढाताण करून ल्यूथरच्या नावातून 666 काढून दाखविले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या वचनात योहान वाचकांस गणती करावयास सांगतो, हे खरे आहे. हिब्रू व ग्रीक अक्षरांस आकड्यांच्या किमती होत्या आणि पहिल्या शतकातील मंडळ्यांस ती रीत ठाऊक होती. छळ करणाऱ्या नीरो कैसराचे नाव हिब्रू अक्षरांत लिहिले असता 666 होतात, असे पुष्कळ पंडित मानितात. काही प्राचीन प्रतींत 616 हा आकडा आहे, तोही त्याच नावाच्या दुसऱ्या लिखाणाशी जुळतो. म्हणजे ती खूण ज्यांस लिहिली त्यांस समजण्याजोगी होती. ती पंधराशे वर्षे कुलपात ठेवून एका जर्मन गणित्याच्या किल्लीची वाट पाहत नव्हती.

1532 साली स्टीफेलने ख्रिस्तविरोधकाविषयी गणिताचे एक लहान पुस्तक विटेनबर्गात छापविले. त्यावर आपले नाव घातले नाही. मग त्याने जगाच्या अंताचा दिवस काढला : 19 ऑक्टोबर 1533, रविवार, सकाळी आठ वाजता. सालाचा आधार म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील 19:37 हे वचन सांगतात. विंधिलेल्या प्रभूकडे लोक पाहतील अशा अर्थाचे ते वचन आहे. त्याच्या लॅटिन भाषांतरातील चार शब्दांत जी अंकाक्षरे येतात त्यांची बेरीज खरोखरच 1533 भरते. पण योहानाने ते लॅटिनमध्ये लिहिलेच नव्हते! त्याने लिहिले ग्रीक भाषेत, आणि तेथे ही अक्षरेच नाहीत. आपल्या मराठी शास्त्रातही ती नाहीत. बेरीज भाषांतर करणाऱ्याच्या शब्दांची होती. आणि दुःखाची गोष्ट ही की, ज्या वचनाने वाचकाची दृष्टी प्रभूच्या कुशीतील घायाकडे जावी, तेथे बसून हा पाळक अक्षरे मोजीत राहिला.

ल्यूथरने त्यास पुष्कळ समजाविले. जगाचा अंत जवळ आहे असे ल्यूथरलाही वाटे. परंतु दिवस व घटका पुत्रासही ठाऊक नाही, असे मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभूनेच सांगितले असता पाळकाने ती व्यासपीठावरून सांगावी, हे त्यास मुळीच मान्य नव्हते. स्टीफेल रागावला, जुन्या मित्राचा बोल त्यास विरोधकाचा बोल वाटला. सॅक्सनीच्या अधिपतीने या विषयावर उपदेश करण्याची मनाई केली, तीही त्याने मानिली नाही.

बातमी दूरवर गेली. लांबलांबच्या गावांहून लोक लोखाऊला येऊ लागले. ऑक्टोबर महिना म्हणजे त्या देशात राय नावाच्या धान्याच्या पेरणीचे दिवस. आपल्याकडे रब्बीची पेरणी होते तोच सुमार. पण जग उरणार नाही तर बी मातीत कशाला घालावे? शेतकऱ्यांनी कामधाम टाकिले, साठविलेले खाऊन पिऊन संपविले, कित्येकांनी चीजवस्तू उडवून टाकिली. थेस्सलनीका येथील मंडळीतही प्रभूच्या दिवसाच्या अफवेने लोक काम सोडून बसले होते, व पौलाने त्यांस आपल्या हातच्या कष्टाची भाकरी खावयास सांगितले होते. ते पत्र स्टीफेलच्या शास्त्रात होतेच. त्यात मोजण्यासारखे काही नव्हते, एवढेच.

रविवार उजाडला. लोक जमले. आठ वाजले, आणि नऊ वाजले. आकाश होते तसेच राहिले. स्टीफेलास अटक करून विटेनबर्गास नेण्यात आले. लोकांनी नुकसानभरपाई मागितली. त्यांचे काय चुकले? पाळकाच्या शब्दावर त्यांनी घरातले धान्य संपविले होते, आणि पुढे हिवाळा होता. वचन सांगणारा चुकतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या कणगीत खडखडाट होतो, हे आम्हा पाळकांस व उपदेशकांस विसरून कसे चालेल?

ल्यूथर व मेलांक्थॉन यांनी रदबदली केली म्हणून त्याची सुटका थोडक्यात झाली. पाळकी मात्र गेली. ज्या मित्रास त्याने दुखविले होते त्याने त्यास टाकिले नाही. ही एक लहानशी परीक्षा होय, यात त्याचा नाश होणार नाही, असे ल्यूथरचे मत होते. 1535 साली होल्त्सडोर्फ या गावची पाळकी त्यास मिळाली व तेथे तो बारा वर्षे राहिला.

या बारा वर्षांत त्याने खरे गणित हाती घेतले. 1544 साली न्यूरेम्बर्ग येथे त्याचा अरिथमेतिका इंतेग्रा हा थोर ग्रंथ मेलांक्थॉनच्या प्रस्तावनेसह निघाला. त्यातील एक गोष्ट शाळेत जाणाऱ्या मुलासही समजेल. वरच्या ओळीत 1, 2, 3, 4, 5 लिहा; खाली 2, 4, 8, 16, 32. खालच्या ओळीतील 4 व 8 यांचा गुणाकार हवा असेल तर वरच्या 2 व 3 यांची बेरीज करा. 5 आले, आणि त्याखाली उत्तर 32 आहे. वरच्या अंकांस आज घातांक म्हणतात. त्यांसाठी युरोपात जो शब्द रूढ आहे तो स्टीफेलनेच दिला. सत्तर वर्षांनी, 1614 साली, स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने लॉगरिथमची कोष्टके प्रसिद्ध केली, त्यांच्या मुळाशी हाच विचार आहे. नवल असे की, नेपियरनेही 1593 साली प्रकटीकरणावर ग्रंथ लिहून जगाचा अंत 1688 ते 1700 च्या दरम्यान होईल असा हिशेब मांडला होता. हा रोग बुद्धिमंतांस अधिक जडतो की काय कोण जाणे!

आणि तो अजून गेलेला नाही. 1997 साली एका अमेरिकन पत्रकाराने हिब्रू शास्त्रातील ठरावीक अंतरावरची अक्षरे वेचून त्यांत आजकालच्या घडामोडी लपविल्या आहेत असे पुस्तक लिहिले व ते अफाट खपले. ब्रेंडन मॅके या ऑस्ट्रेलियन गणित्याने तीच रीत देवमाशाच्या शिकारीच्या एका इंग्रजी कादंबरीस लाविली, तो तिच्यातूनही प्रसिद्ध पुढाऱ्यांच्या हत्यांची भाकिते निघाली. पुरेशी अक्षरे असली की, हवे ते सापडते.

1547 च्या युद्धात होल्त्सडोर्फ सोडून स्टीफेलास प्रशियात क्योनिग्सबर्ग शहराजवळ आश्रय घ्यावा लागला. तेथे असता 1553 साली त्याने शब्दांच्या बेरजेवर पुन्हा एक पुस्तक काढिले. म्हातारपणीही छंद सुटला नव्हता. फक्त गावकऱ्यांस पेरणी सोडावयास त्याने पुन्हा सांगितले नाही. पुढे तो सॅक्सनीत परतला आणि 1559 पासून जेना येथील विद्यापीठात अंकगणित शिकवू लागला. 19 एप्रिल 1567 रोजी, सुमारे ऐंशी वर्षांचा होऊन, तो तेथे प्रभूच्या ठायी निजला. लोखाऊची ती आठची घटका टळून त्या दिवशी बरोबर तेहेतीस वर्षे व सहा महिने झाले होते.