धन्याला विचारल्याशिवाय झाडाला हात नाही : रामचंद्रपंत अमात्य

पावसाळा सुरू झाला की वृक्षारोपणाचे फोटो येतात आणि सोबत शिवाजी महाराजांचं झाडांविषयीचं आज्ञापत्र मोबाईलवर फिरू लागतं. महाराजांचं धोरण त्यात आहे हे खरं, पण आज्ञापत्र हा ग्रंथ लिहिला रामचंद्रपंत अमात्यांनी, तोही महाराजांच्या निधनानंतर सुमारे 35 वर्षांनी. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव भागातल्या प्रत्येकाला हा माणूस माहीत असायला हवा.

पंतांचा जन्म 1650 च्या सुमाराचा. वडील निळो सोनदेव महाराजांचे मुजुमदार, म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे प्रमुख. 1674 च्या राज्याभिषेकावेळी अमात्यपद तरुण रामचंद्रपंतांकडे होतं. पुढे गगनबावडा ही या घराण्याची जहागीर झाली, म्हणून आडनाव बावडेकर. घाटमाथ्यावरचा हा मुलूख म्हणजे धो-धो पाऊस आणि दाट रान. जंगल म्हणजे काय, हे या घराला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पंतांची खरी कसोटी लागली 1689 मध्ये. संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे राहिलेल्या मुलखाचा कारभार त्यांनी पंतांवर सोपवला आणि हुकूमतपनाह हा किताब दिला. खजिना रिकामा, गावं ओस, समोर औरंगजेबाची फौज. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव रणात लढत होते. त्यांच्यामागे पैसा, दाणागोटा आणि किल्ले उभे करायचं काम पंतांचं होतं. रयत उठून गेली तर राज्य बसतं, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

राजाराम महाराजांनंतर ते ताराबाईंच्या बाजूने राहिले. 1714 मध्ये पन्हाळ्यावर सत्ताबदल होऊन दुसरे संभाजी गादीवर आले, तेव्हा पंत त्यांच्याकडे होते. या छत्रपतींच्या नावानेच 1715 च्या सुमारास त्यांनी आज्ञापत्र लिहिलं. शिवाजी महाराजांपासून पाच छत्रपतींची कारकीर्द पाहिलेल्या माणसाचा हा अनुभव होता.

त्यात झाडांचा विषय दोन ठिकाणी येतो. पहिला किल्ल्यांच्या प्रकरणात. गडाच्या उतारावरची झाडी हीच गडाची राखण, तिच्यातली एक काठीही तोडू देऊ नये, असं ते बजावतात. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, पिंपळ लावायला सांगतात, कारण अडीनडीला लाकूड तिथंच मिळावं. दुसरा उल्लेख आरमाराच्या प्रकरणात आहे. गुराबा, गलबतं बांधायची तर फळ्या, सोट, डोलकाठ्या पाहिजेत. सागासारखं लाकूड राज्यातल्या रानातून परवानगीने तोडावं, कमी पडलं तर परमुलखातून विकत आणावं. मात्र आंबा-फणसाला हात लावायचा नाही. ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. रयतेने ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदीच जीर्ण झालं असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने तोडावं. बळजोरी अजिबात नको.

इथे थोडं थांबून विचार करा. आरमार ही सगळ्या राज्याची गरज, त्या काळात तर जीवन-मरणाची. तरीही पंतांनी शेतकऱ्याला त्याग करायला सांगितलं नाही. लाभ सर्वांचा असेल तर एकट्या झाडवाल्याच्या माथी नुकसान मारायचं नाही, हा साधा हिशेब त्यांनी मांडला. मुजुमदाराच्या घरातला हिशेब तो, पक्काच असणार.

1716 मध्ये पंत पन्हाळ्यावर वारले. त्यांची समाधी तिथेच आहे.

हा हिशेब आजही चुकता झालेला नाही. वेदगंगा, दूधगंगा भुदरगड-राधानगरीच्या डोंगरातून येतात आणि निपाणी भागातला ऊस पिकवतात. मलप्रभा खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावते आणि तिच्यावर पार सौंदत्तीपर्यंतची शिवारं उभी आहेत. पाणी सीमा विचारत नाही. पण वर मालकीचं रान राखणाऱ्या शेतकऱ्याला खालच्या पाण्यातून काय मिळतं? महाराष्ट्रात 1964 चा आणि कर्नाटकात 1976 चा झाडांचा कायदा आहे, दोन्हीकडे तोडीला परवानगी लागते. झाड तोडायला अर्ज करावा लागतो, राखल्याबद्दल मात्र बहुतेकांच्या हाती काही पडत नाही. उलट बेळगाव-खानापूर रस्ता रुंद करताना जुनी झाडं बघता बघता आडवी झाली.

आज्ञापत्रातला उतारा पुढे पाठवताना त्याचा दुसरा अर्धाही वाचायला हवा. झाड राखा हे सगळेच सांगतात, राखणाऱ्याला मोल द्या हेही पंतांनी सांगून ठेवलं आहे.