वखारीतली मोटार

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या काकांचे गॅरेज होते. गॅरेज म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांबोडी शेड, दाराशी कडुलिंब आणि आत दिवसभर चालणारी ठोकाठोक. काका डेंटर. चेपलेले मडगार्ड लाकडी हातोडीने ठोकून ते असे सरळ करीत, की मालकाला शोधूनही पोचा सापडू नये. सुट्टीत मी तिथे पडीक असे. माझ्याकडे एकच काम होते, आलेल्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये पाणी भरणे.

१९७४ साली एका डॉक्टरांची गोल पाठीची फोक्सवॅगन बीटल कामाला आली. मी बादली घेऊन धावलो, पुढचे बॉनेट उघडले आणि थक्क झालो. आत स्टेपनी आणि पेट्रोलची टाकी! मागे गेलो तर तिथे इंजिन होते, पण पाणी ओतायला जागाच नव्हती. सगळे कारागीर पोट धरून हसले. या गाडीला तहान लागत नाही, ती वाऱ्यावर जगते, असे काकांनी मला समजावले. आंबा घाटात वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या पाहिलेल्या मुलाला हा चमत्कारच वाटला. ती घडवणाऱ्या माणसाचे नावही त्याच दिवशी कानावर पडले: फर्डिनांड पोर्शे. पुढची पन्नास वर्षे या माणसाबद्दल मिळेल ते मी वाचत आलो. सुरुवातीला नुसत्या भक्तीने. नंतर मात्र तसे वाचता येईना.

पोर्शे हासुद्धा पत्रे ठोकणाऱ्याचाच मुलगा, हे कळले तेव्हा मला कोण आनंद झाला होता! त्याचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ चा, बोहेमियातल्या माफर्सडॉर्फ गावी. आज ते चेक प्रजासत्ताकात आहे, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होते. वडील अँटन यांचे पत्रेकामाचे दुकान होते आणि मुलाने तेच चालवावे ही त्यांची इच्छा. आपल्या तांबट आळीतला एखादा बाप यापेक्षा वेगळे काय म्हणेल? पण गावातल्या गिन्झकी यांच्या गालिच्याच्या कारखान्यात विजेचे दिवे लागले होते आणि पोराचे चित्त तिकडे लागले. दिवसा दुकान आणि रात्री शेजारच्या राइशेनबर्गच्या तंत्रशाळेचे वर्ग, असे चालले. घरात त्याने स्वतःच विजेचे दिवे लावून दाखवले, तेव्हा वडिलांचा विरोध मावळला. १८९३ मध्ये, अठराव्या वर्षी, तो व्हिएन्नाला विजेच्या यंत्रांच्या कारखान्यात लागला. इंजिनिअरची पदवी त्याने कधीच घेतली नाही. नावामागचे डॉक्टर पुढे विद्यापीठांनी सन्मानाने दिले.

१९०० च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याची पहिली गाजलेली गाडी उभी राहिली. ती विजेवर चालणारी होती. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा असतो ना, तशा पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच त्याने विजेच्या मोटारी बसवल्या होत्या. म्हणजे आज ज्या विजेच्या गाड्यांचे आपल्याला कौतुक, तिथून याने सुरुवात केली! नंतर ऑस्ट्रो-डाइमलर, मग स्टुटगार्टची डाइमलर, मग श्टायर. प्रत्येक ठिकाणी नावाजलेल्या गाड्या, आणि पुढे संचालकांशी भांडण. त्याला सर्वसामान्यांसाठी छोटी गाडी करायची होती आणि मालकांना श्रीमंतांसाठी मोठी. शेवटी १९३१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ऐन मंदीत त्याने स्टुटगार्टला स्वतःचे आरेखन कार्यालय थाटले. भागीदार दोन: जावई अँटन पिएख आणि शर्यतपटू अडोल्फ रोझेनबर्गर. पैशाची बाजू बरीचशी रोझेनबर्गरने सांभाळली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

१९३४ मध्ये त्याला जर्मन सरकारकडून हवी ती संधी मिळाली. अट मात्र अशी, की गाडी हजार मार्कांच्या आत बसली पाहिजे. त्या काळी मोटारसायकलची किंमत त्याच्या जवळपास जाई. आणि या गाडीचे पहिले नमुने कुठे घडले? पोर्शेच्या राहत्या घराच्या गॅरेजमध्ये! थोडी यंत्रे आणि मोजके कारागीर. ते चित्र डोळ्यांपुढे आले की मला हटकून काकांची शेड आठवते.

पाण्याविना इंजिनाची कल्पना हौसेची नव्हती. जर्मनीच्या थंडीत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे पाणी रात्रीत गोठून इंजिन तडकू शके, आणि साध्या माणसाकडे गॅरेज कुठून असणार? म्हणून पाणीच काढून टाकले. चार सिलिंडर आडवे, दोन-दोन समोरासमोर. त्यांच्या अंगावर पातळ कल्ले आणि वर वारा घालणारा पंखा. रेडिएटर नाही, नळ्या नाहीत, गळती नाही. ही सारी अक्कल एकट्या पोर्शेची नव्हती, हेही सांगितले पाहिजे. चेक टाट्रा कंपनीचे हान्स लेडविंका हवेवर थंड होणाऱ्या, मागे इंजिन असलेल्या गाड्या त्याच सुमारास काढत होते. टाट्राने दावा लावला, पण जर्मनीने तो देशच गिळला. तडजोडीची भरपाई द्यायला १९६५ उजाडले.

आता रोझेनबर्गर. तो ज्यू होता. १९३५ मध्ये त्याला अटक करून किसलाऊच्या छळछावणीत टाकले. सुटल्यावर त्याने देश सोडला. कंपनीतला त्याचा हिस्सा नाममात्र किमतीला पोर्शे कुटुंबाकडे गेला होता. युद्धानंतर, १९५० मध्ये, त्याला ५० हजार मार्क आणि एक मोटार देऊन प्रकरण मिटवण्यात आले.

पोर्शे १९३७ मध्ये नाझी पक्षाचा सभासद झाला. त्याला राजकारणात रस नव्हता, त्याचे लक्ष फक्त यंत्रात, असे म्हणण्याची पद्धत आहे. मीही बरीच वर्षे तसेच म्हणत आलो. पण आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून सव्वातीन लाखांहून अधिक लोकांनी गाडीसाठी पैसे साठवले आणि युद्ध संपेपर्यंत एकालाही गाडी मिळाली नाही. कारखान्यातून निघाली ती लष्करी क्यूबेलवागन, आफ्रिकेच्या वाळवंटात पाण्यावाचून धावणारी. त्या कारखान्यात युद्धकाळात सुमारे वीस हजार माणसे सक्तीने राबवली गेली. पोलिश आणि रशियन मजूर बायकांची तान्ही मुले हिरावून कारखान्याच्या पाळणाघरात ठेवली, त्यातली तीनशेहून अधिक दगावली. व्यवस्थापनात पोर्शे होता, जावईही होता. हे वाचले त्या रात्री मी टेबलावरचे बीटलचे खेळणे कपाटात ठेवून दिले. ते परत बाहेर काढावे की नाही, यावर घरात अजून चर्चा होते.

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला पकडले. सत्तरी उलटलेला म्हातारा वीस महिने कैदेत होता, त्यातला काही काळ दिजाँच्या थंड तुरुंगात. तिथेच प्रकृती खचली.

तोवर मुलगा फेरी आणि मुलगी लुईझ यांनी ऑस्ट्रियातल्या ग्म्यूंड गावी तग धरला होता. बॉम्बहल्ल्यांमुळे कार्यालय १९४४ मध्येच तिथल्या एका लाकडाच्या वखारीत हलवले होते. शेतकऱ्यांची यंत्रे दुरुस्त कर, असली कामे करून हे नामांकित इंजिनिअर पोट भरत होते. सिसितालिया या इटालियन कंपनीसाठी शर्यतीची गाडी आखून जो मोबदला मिळाला, त्यातून वडिलांच्या जामिनाची सोय झाली. १ ऑगस्ट १९४७ रोजी ते सुटले.

आणि १९४८ च्या जूनमध्ये त्या वखारीतून एक छोटी उघडी गाडी बाहेर पडली. नंबर ३५६. इंजिन बीटलचेच, ११३१ सीसी, थोडे परजून ३५ अश्वशक्तीचे केलेले. हे काम मुख्यतः फेरीचे. म्हाताऱ्याने आराखडे पाहिले, सल्ला दिला. मागोमाग आलेल्या गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पत्रे लाकडी साच्यावर धरून हाताने ठोकलेले होते. प्रेस नव्हता, तर काय करणार? अशा पन्नासेक गाड्या तिथे घडल्या. मोटारींच्या प्रदर्शनांत त्यांतली एखादी आली की लोक आजही तिच्याभोवती कोंडाळे करतात. मी त्या फक्त छायाचित्रांत पाहिल्या आहेत. एका छायाचित्रात मडगार्डाच्या वळणावर उजेड किंचित थरथरलेला दिसतो. ती हातोडीची खूण. काका असते तर त्यांनी नेमका तिथेच अंगठा फिरवला असता.

नोव्हेंबर १९५० मध्ये पोर्शे वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात गेला. रस्त्यावर बीटलच बीटल धावत होत्या. परतल्यावर त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी स्टुटगार्टला तो वारला. त्याच जूनमध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत ॲल्युमिनियमच्या अंगाची एक ३५६ आपल्या ११०० सीसी गटात पहिली आली. चालवणारे दोघेही फ्रेंच होते.

शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोत निघाली, ती २,१५,२९,४६४ वी. काकांची शेड त्याच्या आधीच गेली होती. आता पोचा आला की पूर्ण मडगार्डच बदलतात. कडुलिंब आहे. लाकडी हातोडी मी मागून घेतली, तिची एक बाजू ठोकून ठोकून झिजली आहे.