नाण्यांना बोलते करणारा जेम्स प्रिन्सेप

सन १९८६ मध्ये बँकेच्या बदलीवर मी कलकत्त्यास आलो. तीन वर्षांसाठी म्हणून आलेला माणूस इथलाच होऊन गेला, हे आपल्यापैकी अनेकांच्या बाबतीत घडले आहे. रविवारी संध्याकाळी हुगळीच्या काठी, प्रिन्सेप घाटावर फिरायला जाण्याचा आमचा परिपाठ होता. तिथला पांढऱ्या खांबांचा मंडप आपण सर्वांनी पाहिला आहे. पहिली काही वर्षे मी प्रिन्सेप हे एखाद्या लाटसाहेबाचे नाव असावे असेच समजत होतो. आमच्या शाखेत एक ज्येष्ठ बंगाली सहकारी होते. आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू. त्यांना जुन्या नाण्यांचा नाद होता. प्रिन्सेप हा लाटसाहेब नव्हता, टाकसाळीतला नोकर होता, हे प्रथम त्यांनी मला सांगितले. त्यानंतर या माणसाविषयी मिळेल ते वाचत गेलो. त्यातले थोडे आपल्या स्मरणिकेच्या वाचकांसमोर ठेवतो.

जेम्स प्रिन्सेपचा जन्म २० ऑगस्ट १७९९ रोजी झाला. वडील जॉन प्रिन्सेप हिंदुस्थानात जवळपास रिकाम्या हाताने आले आणि निळीच्या व्यापारात श्रीमंत होऊन मायदेशी परतले. पुढे त्यांना खोटही बसली. घरात मुले पुष्कळ. जेम्स हा सातवा मुलगा. त्याचा हात चित्रकलेत आणि यंत्रांच्या कामात चांगला चाले, म्हणून त्याला वास्तुकलेच्या शिक्षणाला घातले. पण डोळ्यांच्या विकाराने दृष्टी अधू झाली आणि तो मार्ग बंद पडला. हिंदुस्थानातील टाकसाळीत धातूंचा कस पाहणारा माणूस हवा आहे हे वडिलांना कळले. मुलाने रसायनशास्त्र शिकावे, लंडनच्या टाकसाळीत उमेदवारी करावी, अशी व्यवस्था त्यांनी केली. १५ सप्टेंबर १८१९ रोजी वीस वर्षांचा जेम्स कलकत्त्यास उतरला.

वर्षभरातच त्याची नेमणूक बनारसच्या टाकसाळीत झाली. तिथे तो १८३० पर्यंत, म्हणजे ती टाकसाळ बंद होईपर्यंत राहिला. या दहा वर्षांत त्याने केलेली कामे पाहिली की थक्क व्हायला होते. त्याने शहराचा नकाशा तयार केला, घाटांची आणि गल्ल्यांची चित्रे काढली, साचलेल्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून जमिनीखालून कमानदार बोगदा काढला. त्याने ज्या काशीची चित्रे काढली तिच्या घाटांवर आणि देवळांवर अहिल्याबाई होळकर, नागपूरकर भोसले अशा मराठी घराण्यांचा पैसा खर्ची पडलेला होता.

मराठी माणसाला जवळची वाटावी अशी आणखी एक गोष्ट आहे. काशीच्या वाटेवर कर्मनाशा नदी लागते. तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर पुण्य नाहीसे होते अशी समजूत असल्याने यात्रेकरूंची मोठी अडचण होई. नाना फडणवीसांनी तिच्यावर पूल बांधायला घेतला होता, पण तो तडीस गेला नाही. पुढे बनारसच्या राजा पटनीमल यांनी पैसा दिला आणि प्रिन्सेपच्या आराखड्याप्रमाणे तिथे दगडी पूल उभा राहिला.

त्याचे मूळ काम मात्र भट्टीजवळचे. वितळलेल्या धातूची उष्णता नेमकी मोजण्याची पद्धत त्याने बसवली. त्यावरील त्याचा निबंध १८२८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला आणि त्याला सभासदत्व दिले. एका ग्रेनच्या तीन हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा तराजूही त्याने घडवला. बनारसहून तो कलकत्त्याच्या टाकसाळीत परतला आणि १८३२ मध्ये तिथला मुख्य कसपारखी झाला. स्ट्रँड रोडवरची ग्रीक देवळासारखी दिसणारी जुनी टाकसाळ ती हीच.

त्या काळी रुपया एक नव्हता. बंगालचा सिक्का, फर्रुखाबादी, अर्काटचा, सुरतेचा, आपल्याकडचे अंकुशी आणि चांदवडी असे कित्येक रुपये चालत. एका मुलखातला रुपया दुसऱ्या मुलखात नेला की सराफ त्यावर बट्टा कापून घेई. नावाला बट्टा लागतो असे आपण म्हणतो, तो हाच बट्टा. हा गोंधळ मोडावा, साऱ्या मुलखात एकच वजन आणि एकच नाणे असावे, यासाठी प्रिन्सेपने आग्रह धरला. १८३३ मध्ये १८० ग्रेनचा तोळा ठरला आणि १८३५ मध्ये त्याच वजनाचा कंपनीचा रुपया सर्वत्र लागू झाला. आपल्या आज्या-पणज्यांचा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त भरणारा तोळा तो हाच. त्याच वर्षाची चौथ्या विल्यमच्या चेहऱ्याची, मागे सिंह आणि ताडाचे झाड असलेली दोन मोहरांची सोन्याची मुद्रा पाहायला मिळावी म्हणून आज संग्राहक जीव टाकतात.

हे सारे नोकरीचे झाले. प्रिन्सेपचे नाव राहिले ते नोकरीबाहेरच्या वेळातल्या कामामुळे. १८३२ मध्ये तो एशियाटिक सोसायटीचा चिटणीस झाला आणि तिच्या मासिकाचे संपादन करू लागला. कुणाला शेतात, पडक्या स्तूपात किंवा बाजारात जुने नाणे मिळाले की ते त्याच्याकडे यावे असा जणू रिवाजच पडला. रणजितसिंहांच्या पदरी असलेल्या व्हेंतुरा या सेनापतीने माणिक्याला येथील स्तूप उकरला, त्यातली नाणी प्रिन्सेपकडे आली. अफगाणिस्तानात भटकणाऱ्या चार्ल्स मेसनने हजारो नाणी गोळा केली, त्यांची माहितीही त्याच्यापर्यंत पोचत असे. मिनँडर, अपोलोडोटस, हर्मायस अशा यवन राजांची ही नाणी. एका बाजूला ग्रीक अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला कुणालाच न वाचता येणारी अक्षरे.

दोन्हीकडे राजाचे नाव आणि पदवी तीच असली पाहिजे, हा तर्क मेसनने सुचवला आणि प्रिन्सेपने तो नाण्यामागून नाणे घेऊन पडताळला. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी खरोष्ठी अशी हळूहळू उलगडू लागली. सगळी अक्षरे त्याच्या हयातीत लागली नाहीत. ते काम पुढे इतरांनी पुरे केले.

ब्राह्मीची कथा याहून मोठी आहे. दिल्ली आणि अलाहाबादच्या स्तंभांवरची ती अक्षरे शतकानुशतके लोक पाहत होते, वाचता कुणालाच येत नव्हती. १८३६ मध्ये लासेन या पंडिताने अगाथोक्लिस या यवन राजाच्या नाण्यावरून काही अक्षरे लावली. १८३७ मध्ये सांचीच्या कठड्यांवरील छोट्या लेखांचे ठसे प्रिन्सेपसमोर आले. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे होती. देवस्थानात असे आखूड लेख देणगीचेच असणार आणि शेवटचा शब्द दान हाच असणार, असे त्याच्या ध्यानात आले. आपल्या देवळांच्या फरश्यांवरही देणगीदारांची नावे असतातच. द आणि न ही अक्षरे हाती आली आणि बाकीची भराभर सुटत गेली.

स्तंभांवरचा राजा स्वतःला देवांना प्रिय म्हणवत होता. हा सिंहलद्वीपाचा राजा असावा असे प्रिन्सेपने आधी लिहिले. मग सिंहलमधल्या टर्नर या अधिकाऱ्याने पाली ग्रंथांवरून तो सम्राट अशोक असल्याचे दाखवले. प्रिन्सेपने आपली चूक मान्य केली आणि आपल्याच मासिकात ती दुरुस्त केली. अशोकाचे नाव पुराणांतल्या वंशावळीत होतेच, पण त्याची आज्ञा त्याच्याच शब्दांत आपल्याला मिळाली ती तेव्हापासून.

या श्रमांची किंमत त्याला मोजावी लागली. दिवसा टाकसाळ, रात्री लेख आणि नाणी. १८३८ मध्ये डोकेदुखी अनावर झाली, मेंदूचा विकार जडला. पत्नी हॅरिएट आणि लहानग्या मुलीसह त्याला जहाजावर चढवण्यात आले. इंग्लंडला पोचल्यावरही तो सुधारला नाही. २२ एप्रिल १८४० रोजी वयाच्या चाळिसाव्या वर्षी तो गेला. कलकत्त्याच्या नागरिकांनी त्याच्या स्मरणार्थ घाट बांधला. त्याचा नाण्यांचा संग्रह १८४७ मध्ये ब्रिटिश म्युझियमने विकत घेतला.

आता माझी गोष्ट. माझे आजोळ जुन्नरजवळचे. आजीच्या बटव्यात ढब्बू पैसे, शिवराया, भोकाचे पैसे असत आणि त्यांतच चांदीचे एक छोटे नाणे होते. आजोबांना ते शेत नांगरताना सापडले होते. एका बाजूला चेहरा, दुसऱ्या बाजूला बाण आणि कसलेसे चिन्ह, भोवती अक्षरे. आजीच्या पश्चात तो बटवा माझ्याकडे आला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. नाणे चिंच आणि राख लावून लख्ख घासले आणि तालुक्याच्या सराफाला चांदीच्या भावाने मोडीत दिले. क्रिकेटच्या बॅटसाठी पैसे कमी पडत होते.

बऱ्याच वर्षांनी दादांनी एका ग्रंथातले छायाचित्र दाखवले तेव्हा माझ्या हातातला चहा तसाच राहिला. क्षत्रप नहपानाचे नाणे होते ते. एका बाजूला राजाचा चेहरा आणि ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, भोवती ब्राह्मी आणि खरोष्ठी. प्रिन्सेपने ज्या दोन लिप्यांसाठी जीव शिणवला त्या दोन्ही त्या एवढ्याशा चांदीवर होत्या. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे अशी तेरा हजारांहून अधिक नाणी एकाच ठिकाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. कोण जिंकला आणि कोण हरला हे त्या ठशांनीच सांगितले. आजीचे नाणे नहपानाचेच होते का, त्यावर सातकर्णीचा ठसा होता का, हे आता कळायला मार्ग नाही. मी ते वाचले नाही, वजनावर घालवले.

म्हणून दोन गोष्टी आवर्जून सांगतो. गावच्या घरी, देव्हाऱ्यात किंवा बटव्यात जुने नाणे असेल तर ते घासू नका आणि मोडीत देऊ नका. कुठे मिळाले, कुणाला मिळाले, हे कागदावर लिहून सोबत ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे असा १८७८ पासूनचा कायदाही आहे.

आणि पुढच्या वेळी प्रिन्सेप घाटावर जाल तेव्हा मुलांना तो मंडप कुणाचा आहे ते सांगा. पार्क स्ट्रीटवर एशियाटिक सोसायटीत वैराटचा अशोकाचा शिलालेख आहे, तोही दाखवा. त्यावरचे एखादे अक्षर मुलांनी ओळखले तर मला अवश्य कळवा. माझे एक देणे त्यात थोडे फिटेल.