भूकंपाला प्रयोगशाळेत आणणारा माणूस

मडकं घेताना आपण ते वाजवून बघतो. पण घर भूकंपात टिकेल की नाही, हे आधी कसं बघायचं? त्यासाठी आयुष्य वेचलेल्या जॉन मिल्न यांची ही गोष्ट.

मिल्न यांचा जन्म १८५० चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. १८७६ मध्ये ते टोकियोत खाणशास्त्राचे प्राध्यापक म्हणून गेले, तेही सैबेरियातून खुष्कीच्या वाटेने! १८८० मध्ये योकोहामा हादरलं आणि त्यांनी पुढाकार घेऊन भूकंपाच्या अभ्यासासाठी संस्थाच उभी केली. ते सुरुंग उडवून खोटे भूकंप घडवायचे आणि धक्का जमिनीतून कसा जातो ते मोजायचे. एक छोटं घर तर त्यांनी लोखंडी गोळ्यांवर बांधलं. जमीन हलली तरी घर हलू नये म्हणून. झालं काय, ते वाऱ्यानेच सरकू लागलं! पण त्यांनी नाद सोडला नाही. गोळे लहान करत करत पार छर्‍यांएवढे केले.

१८९१ च्या मिनो-ओवारी भूकंपात सात हजारांवर माणसं गेली. विटांच्या नव्या इमारतीसुद्धा कोसळल्या. मग मिल्न आणि त्यांचे जपानी सहकारी ओमोरी यांनी विटांचे खांब हलत्या गाड्यावर उभे केले. गाडा मागेपुढे हलवून, केवढ्या हिसक्याला खांब मोडतो किंवा कलंडतो, हे मोजलं. आज मोठ्या प्रयोगशाळांत अख्ख्या भिंती आणि घरं हलवून बघतात, त्याची ही सुरुवातच म्हणा ना.

या सगळ्यात त्यांच्या सोबतीला होती पत्नी तोने, हाकोदातेच्या एका बौद्ध धर्मगुरूंची लेक. १८९५ मध्ये आगीत त्यांचं घर, पुस्तकं, यंत्रं जळाली. त्याच वर्षी ती नवऱ्याबरोबर परक्या मुलखात, इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर गेली. तिथे दोघांनी नव्याने मांड मांडली. मिल्न यांची भूकंपमापक यंत्रं जगभर बसली, आपल्या मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही. १९१३ मध्ये ते गेले. तोने पुढे मायदेशी परतली.

मला वाटतं, १९९३ च्या किल्लारीनंतर हे आपण जाणून घ्यायलाच हवं. तिथे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं जड माळवद झोपेतल्या माणसांवर आलं. म्हणून घर बांधताना ओटा आणि फरशीचा रंग निवडाच, पण मिस्त्रीला हेही विचारा, की भिंतींना चारही बाजूंनी सलग सिमेंटचा पट्टा घातलाय का? भिंती एकमेकींना धरून असल्या तरच घर धक्का सोसतं.